ओला क्यूब

घरात माणसं तीन आणि

स्वयंपाकघर एकच, त्यामुळे भांडायला वेगळी जागा शोधावी लागत नसे. घर बहीणभावाच्या नावावर होतं. खालच्या खोल्यांत थोरली बहीण, वर धाकटा भाऊ आणि त्याची बायको, आणि जिन्याशेजारी ते स्वयंपाकघर. तिघंही त्याला 'माझं' म्हणत. ओटा पुसायची पाळी मात्र कायम दुसऱ्या कुणाची तरी असे.

बायको काँक्रीटच्या प्लँटवर होती. सिमेंट, खडी, वाळू, पाणी काय, कुणीही घालतो. त्यात केमिकल कुठलं आणि किती घालायचं ते ती ठरवायची. तिचं केमिकल पडलं की अगदी कमी पाण्यातलं, फावड्याला चिकटून बसणारं काँक्रीटसुद्धा पातळ होऊन पंपाच्या नळीतून सुळकन पुढे जाई. साइटवरची माणसं तिला पातळबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणायला लागली. तिनं मनावर घेतलं नाही. कुणी फार वेळा म्हटलंच तर ती त्याच्या आईवडिलांनी त्याला काय नाव ठेवायला हवं होतं ते सांगायची.

नणंद चाचणीच्या प्रयोगशाळेत भट्टी सांभाळायची. काँक्रीटचे चौकोनी ठोकळे, तिथल्या भाषेत क्यूब, भट्टीत घालायचे, लालबुंद होईस्तोवर तापवायचे आणि शाबूत राहिले तर मिश्रण पास. तिला सगळे भट्टीताई म्हणत, आणि भट्टीताईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. आसपास तशी भट्टी दुसरी नव्हती, म्हणून भावजयीची मिश्रणंही तिच्याचकडे येत आणि कुणी त्यावर बोट ठेवत नसे. ज्यांनी या दोघींना एका खोलीत पाहिलं होतं त्यांना संगनमताची शंका येणंच शक्य नव्हतं.

आणि नवरा ओतकामाचा इंजिनियर. बायकोनं बनवलेलं, बहिणीनं पास केलेलं काँक्रीट साइटवर उतरवून घ्यायचं, स्लॅब ओतायचा, त्याला पाणी मारायचं, हे त्याचं. अंगानं दाराएवढा. बहीण त्याला छोट्या म्हणे, आणि दर वेळी पातळबाईला हसू येई. ते हसू चांगलं नसे.

मग फर्निचरच्या गोदामाला

आग लागली. गोदामाखाली तळघर होतं आणि तळघरात कपाटं, गाद्या, पॉलिशचे डबे. जाळण्यासाठीच आणून रचल्यासारखं सगळं. आग तशी लवकर आटोक्यात आली असती. पण तळघराच्या छताचा स्लॅब नुसता तापला नाही, तो फुटायला लागला. आधी तडतड. मग धाडधाड. बशीएवढे पापुद्रे, कडा सुरीसारख्या, छतातून सुटून आडवेतिडवे उडायला लागले. पाइप धरून आत शिरलेल्या जवानाच्या हेल्मेटची काच फोडून एक पापुद्रा आत गेला. त्याचा डावा डोळा गेला.

स्लॅब कोसळला नाही. पोट फाडल्यासारखा, सळया उघड्या टाकून, तसाच वर राहिला.

काँक्रीट पातळबाईचं. पास भट्टीताईनं केलेलं. ओतलेलं छोट्यानं.

चौकशी बसली आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघरात

कुणी कुणाला मीठ मागितलं नाही. उठायचं, घ्यायचं, बसायचं.

चौकशी अधिकारी बोलायला मऊ आणि प्रश्नांना खवट होता. तिघांपैकी एकानं माती खाल्ली आहे, असं त्यानं पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. एकानं, तिघांनी नाही, कारण तिघांनी मिळून काही करावं इतकं तुमचं जमत नाही असं मी ऐकलंय. त्यानं सोपी वाट धरली. प्रत्येक मोठ्या ओतकामाचे जादा क्यूब प्रयोगशाळेतल्या पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवतात. गोदामाच्या स्लॅबचेही होते. त्यातले पुन्हा तापवा, तो म्हणाला.

भट्टीताईनं तापवले. क्यूब उभे राहिले. बारीक रेषा पडल्या, रंग उतरला, पण एकाचाही टवका निघाला नाही.

म्हणजे मिश्रण बरोबर. म्हणजे भट्टीही बरोबर.

उरला

तो.

त्याला विचारलं गेलं ते असं. गाडी उशिरा आली होती का? उशिरा आली असेल तर काँक्रीट आवळलं होतं का? आवळलं असेल तर ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडलात का? सगळे सोडतात, तुम्हीच कसे नाही सोडलात? नाही सोडलात हे कुणी पाहिलं? पाहणारा तुमच्याच हाताखालचा ना? बायको प्लँटवर असते ना तुमची? बहीण भट्टीवर? मग जेवताना तुम्ही तिघं बोलता तरी कशाबद्दल?

शेवटच्या प्रश्नाला तो हसला आणि तेवढं हसणं त्याला महागात पडलं. त्याला कामावरून घरी बसवलं. पुढे काय होणार तेही सगळ्यांना दिसत होतं: एका माणसाचा डोळा गेला होता, तेव्हा कुणीतरी आत जायला हवं होतं, आणि दाराएवढा माणूस त्यासाठी सोयीचा होता.

घरी पातळबाईनंही तेच विचारलं. पाणी टाकलंस ना? तिला राग होता तो याचा की तिनं कमी पाण्यावर जीव टाकून बसवलेलं मिश्रण, त्यात कुणी एक बादली जरी ओतली तरी तिच्या सगळ्या कामावर पाणी. आणि ते ओतणारा रात्री शेजारी घोरतो. तो म्हणाला, टाकलं नाही, मारलं. ओतून झाल्यावर, वरून. गोणपाटं अंथरली, ती वाळू दिली नाहीत, रोज स्वतः जाऊन हात लावून बघितलं. शिवाय त्या तळघराच्या भिंतीतून ओल येतेच. ते छत एक दिवसही सुकलेलं नाही. माझ्या पोराला जपलं नसतं एवढं जपलंय त्याला.

"पोर नाही म्हणून बरं," पातळबाई म्हणाली. "तेही फुटलं असतं."

बोलून गेल्यावरही तिनं शब्द मागे घेतला नाही. ओट्याकडे तोंड करून भट्टीताई भाजी चिरत होती. ती न वळता म्हणाली, "माझ्या भट्टीत क्यूब दोनदा उभे राहिलेत, छोट्या. काय केलंस ते सांगून मोकळा हो."

त्यानं ताट उचललं आणि वर निघून गेला. जिना त्याच्या वजनानं कुरकुरत राहिला, तेवढाच त्याच्या बाजूनं बोलला.

यात एक सांगायचं राहिलं, ते म्हणजे

केस.

मागे कधीतरी पातळबाईनं मिश्रणात प्लास्टिकचे तंतू घालायला सुरुवात केली होती. केसाहून बारीक, मूठभर घातले तरी कुणाला दिसू नयेत असे. तिचं म्हणणं साधं होतं. आपण पाणी कमी करतो, केमिकल वाढवतो, राखेसारखी बारीक पूड घालून उरलीसुरली भोकंही बुजवतो. काँक्रीट इतकं घट्ट होतं की त्यातून मुंगीचा श्वास जाणार नाही. आग लागली तर आतल्या पाण्याची वाफ कुठून निघेल? तंतू असले तर ते आधी वितळतात, त्यांच्या जागी नळ्या राहतात, वाफ निघून जाते.

नवऱ्याला ते तंतू डोळ्यांसमोर नको होते. ते पडले की काँक्रीट आळसावल्यासारखं चालायचं, पंप तुंबायचा, अख्खी टोळी कामं सोडून नळ्या धूत बसायची. एकदा तो सिमेंटनं माखलेला घरी आला आणि स्वयंपाकघराच्या दारातच म्हणाला, तुझं काँक्रीट आहे की न्हाव्याच्या दुकानातला केर? तिनंही मग त्याला ऐकवलं. ते भांडण खालच्या मजल्यापर्यंत, खरं तर खालच्याच मजल्यावर, झालं. शेवटी भट्टीताई म्हणाली, दोन्ही द्या माझ्याकडे. केसांचे क्यूब आणि बिनकेसांचे. भट्टी सांगेल.

भट्टीनं सांगितलं. दोन्ही उभे राहिले. "काही फरक नाही," भट्टीताई म्हणाली, आणि ज्या सुरात म्हणाली तो सूर फरक पडावा असाच होता. "उगाच केस घालत बसतेस."

पातळबाई हरली. तिनं तंतू काढले, आणि तोंड दाखवायला जागा राहावी म्हणून केमिकल आणखी चढवलं, पाणी आणखी उतरवलं. ते मिश्रण प्लँटची शान झालं. त्यानंतर जी जी तळघरं ओतली गेली, गोदामाचंसुद्धा, ती त्याचीच.

तिसऱ्या तापवणीला

प्लँटचा माणूस हजर हवा; ती साक्षीदारांसमोर करून मगच अहवाल लिहायचा, असं अधिकाऱ्यानं ठरवलं. प्लँटनं पातळबाईला पाठवलं, म्हणजे काही झालं तर तिचंच होईल. आदल्या दिवशी क्यूबवरच्या खुणा ओळखायला ती प्रयोगशाळेत गेली.

भट्टीच्या खोलीत तिनं आजवर पाऊल टाकलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा क्यूब घेऊन आली होती तेव्हा ती आपली घरच्यासारखी आत शिरायला गेली आणि भट्टीताईनं सगळ्या माणसांसमोर तिला थांबवलं होतं: बाहेरच्यांनी काउंटरवर. त्या दिवसापासून ती काउंटरवरच क्यूब ठेवी, काउंटरवरच निकाल घेई. बोलावलं तरी जायची नाही, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. कुणी बोलावलंही नव्हतं.

खोली तिला वाटलं होतं त्याहून लहान निघाली. एका भिंतीला भट्टी, पत्र्याच्या कपाटाएवढी. कोपऱ्यात पाण्याची टाकी. आणि टाकी आणि भट्टीच्या मध्ये एक जुना ओव्हन, दार अर्धवट उघडं. आत गोदामाचे तीन क्यूब ओळीनं बसवलेले. खूण बघायला तिनं एकावर बोट टेकवलं आणि चटकन मागे घेतलं. बोट भाजलं होतं.

"हे गरम कशानं?"

"सुकवतेय," भट्टीताई म्हणाली. ती भट्टीचं दार फडक्यानं पुसत होती.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? टाकीतून काढून तसेच घालू आत? ओले फुटतात."

ती ते इतक्या सहज म्हणाली, की हात पुसतच राहिला. फडकं दाराच्या खालच्या कडेपर्यंत गेलं. मग थांबलं.

पातळबाईनं बोट तोंडात धरलं होतं. ही रीत जुनी होती. भट्टीताईच्या आधीच्या प्रमुखाच्या काळात एक ओला क्यूब आत फुटला होता, भट्टी तापवणाऱ्या तारांच्या कॉइली तुटल्या होत्या, प्रयोगशाळा कितीतरी दिवस बंद पडली होती. तेव्हापासून क्यूब आधी चांगले खडखडीत सुकवायचे, मग भट्टीत घालायचे. भट्टीताई कामाला लागली त्या दिवशी तिला हेच शिकवलं आणि तिनं पुढच्यांना. घरात शिरताना पाय पुसावेत तसं ते होतं. पाय पुसले हे कुणी कुणाला सांगत नाही. आणि ज्या एका माणसानं विचारलं असतं, ते माणूस इतकी वर्षं काउंटरवर उभं होतं.

"तळघराचं छत कोण सुकवतं, वन्सं?" पातळबाईनं विचारलं.

वन्सं ती फक्त भांडताना म्हणायची. एरवी ताई.

त्यानंतर त्या खोलीत

जे झालं ते बाहेरच्या माणसांनी दारापाशी उभं राहून ऐकलं आणि नंतर एकमेकांना चुकीचं सांगितलं.

भट्टीताई आधी म्हणाली, की पद्धत आहे. मग म्हणाली, की पद्धत तिनं काढलेली नाही. मग म्हणाली, भट्टी फुटली तर भरून कोण देणार. पातळबाई म्हणत होती, केसांचे क्यूब आणि बिनकेसांचे क्यूब, दोन्ही तुम्ही सुकवलेत, म्हणून दोन्ही उभे राहिले. ज्यांच्यात पाणीच नाही त्यांना वाफ कुठून येणार. तुमच्या भट्टीनं आजवर एकही खरं उत्तर दिलेलं नाही, तिनं फक्त कोरडं काँक्रीट गरम केलंय, आणि तेवढं तर आपल्या स्वयंपाकघरातसुद्धा झालं असतं. भट्टीताईनं विचारलं, मग तू कशाला काढलेस केस? मी फरक नाही म्हटलं म्हणून? एवढी कधीपासून ऐकायला लागलीस माझं?

हे पातळबाईला लागलं, आणि भट्टीताई तिथे थांबणारी नव्हती. ओला क्यूब घातला तर काय होईल ते कळतंय ना तुला? फुटेल. तुझं मिश्रण मेलं. प्लँटवाले तुला दारातसुद्धा उभं करणार नाहीत. छोट्यासाठी करतेस हे? त्याला काल काय म्हणालीस ते मी ऐकलंय.

"छोट्यासाठी नाही," पातळबाई म्हणाली. "तुम्ही चुकलेल्या कशा दिसता ते बघायचंय मला. एकदा."

ते सगळं खरं नव्हतं. पण खोटंही नव्हतं, आणि दोघींनाही ते कळलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिनं नवऱ्याला सांगितलं. कोरडे क्यूब, ओलं छत, वाफ. तू पाणी टाकलं नाहीस. तू नीट पाणी मारलंस म्हणून ते ओलं राहिलं, ओलं राहिलं म्हणून फुटलं. दुसऱ्या कुणी हयगय केली असती तर कदाचित निभावलं असतं. तिला वाटलं होतं, तो खुर्चीत बसेल, निदान हातातला पेला खाली ठेवेल.

"म्हणजे माझ्यावर विश्वास ठेवायला तुला बोट भाजून घ्यावं लागलं," तो म्हणाला.

तिनं ताटं घ्यायला सुरुवात केली. तो म्हणाला, आता उपकार करायला जाऊ नकोस माझ्यावर. तिनं सांगितलं की उपकार करायचा तर माणूस तरी बरा निवडला असता. मग दोघंही जेवली, कारण स्वयंपाक झालेला होता.

दुसऱ्या दिवशी ओव्हन

बंद होता. दार उघडं, आत काही नाही. पातळबाई रात्रभर मनातल्या मनात जुळवलेलं भाषण घेऊन आली होती. अधिकाऱ्यासमोर नणंदेचे वाभाडे कसे काढायचे ते सगळं तोंडपाठ होतं. ते तोंडातच राहिलं. भट्टीताई टाकीपाशी उभी होती, बाह्या वर सारून, आणि तिच्या हातांत गोदामाचा चौथा क्यूब होता, पाणी निथळणारा.

"बघत काय उभी राहिलीस? दुसरा काढ. केसांचा. त्या जुन्यातला, तळाशी आहे."

अधिकारी आला, प्लँटचा एक वकील आला, नवरा आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. सगळ्यांच्या मागून एक माणूस आला, डाव्या डोळ्यावर पट्टी. आगवाला जवान. त्याला कुणी बोलावलं नव्हतं आणि त्याला जा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. खुर्ची दिली तर बसला नाही.

भट्टीताईनं प्रस्तावना केली नाही. आजवर आम्ही क्यूब सुकवून घालत होतो, आज ओले घालतोय, एवढंच म्हणाली. वकिलानं लगेच विचारलं की हे 'आजवर' कधीपासून. ती म्हणाली, मी आहे तेव्हापासून, आणि मी नव्हते तेव्हापासूनही. मग तिनं दोन क्यूबच्या मध्ये जाड विटांची आडभिंत लावली, दार लावलं आणि सगळ्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं. पातळबाई हात लावायला पुढे झाली तेव्हा तिनं कोपरानं तिला बाजूला सारलं.

भट्टी तापायला लागली. वेळ जात नव्हता. अधिकारी जांभई दाबत होता. वकील फोनवर बोलायला बाहेर गेला आणि परत आला. जळक्या प्लास्टिकचा पुसटसा वास आला आणि गेला. पातळबाईला कळलं, तंतू वितळले. तिनं कुणाला सांगितलं नाही. बाकीचे नुसत्या भट्टीच्या दाराकडे बघत होते, आतलं काम होताना ती एकटीच बघत होती, आणि तिला नक्की काय व्हायला हवंय ते तिचं तिला सांगता येत नव्हतं. उभा राहिला तर नवरा आत. फुटला तर ती बाहेर.

आधी टक्. कुणीतरी नखानं पत्रा वाजवावा तसं. पुन्हा टक्. नवरा भिंतीपासून सरळ झाला.

मग भट्टीचं दार आतून कुणी लाथ मारावी तसं हादरलं. एकदा, आणि लगेच दुसऱ्यांदा, आणि तिसरा आवाज तर खोलीतल्या काचेच्या भांड्यांनीही केला. तापमानाचा काटा खाली पडला. कॉइल तुटली होती. जवान मागे सरकला नव्हता; फक्त त्याचा हात पट्टीवर गेला होता आणि तिथेच होता.

भट्टी निवेपर्यंत कुणाला दार उघडू द्यायचं नाही, म्हणून सगळे बसून राहिले. कुणी चहा मागवला, कुणी प्यायला नाही. दुपार कलल्यावर भट्टीताईनं दार उघडलं. आडभिंतीच्या एका बाजूला केसांचा क्यूब होता, पांढुरका, रेषारेषांचा, चारी कोपरे जागेवर. दुसऱ्या बाजूला क्यूब नव्हता. खच होता. त्यात मुठीएवढं काहीतरी उरलं होतं, आणि भट्टीच्या मागच्या भिंतीत पापुद्रे रुतले होते.

तेव्हा अधिकाऱ्यानं

नवऱ्याला सांगितलं की तुमच्याविरुद्ध आता काही नाही. मऊपणानंच सांगितलं. नवऱ्यानं मान हलवली. मग अधिकारी शाबूत क्यूबकडे बघत राहिला, आणि त्याचा खवटपणा जागा झाला.

हा तंतूंचा क्यूब जुना आहे, तो पातळबाईला म्हणाला. म्हणजे गोदाम ओतायच्या आधी तुम्हाला तंतू ठाऊक होते. घालतही होतात. मग मिश्रणातून ते काढले कुणी?

"मी. मिश्रण मी ठरवते."

"काढा असं कुणी म्हणालं होतं?"

पातळबाईनं नवऱ्याकडे बघितलं. अधिकाऱ्यानं तिची नजर कुठे गेली ते पाहिलं. खोलीतल्या सगळ्यांनी पाहिलं. न्हाव्याच्या दुकानातला केर, एवढंच म्हणायचं होतं, आणि ते तिनं म्हणायचं नव्हतं, त्यानं म्हणायचं होतं. मी म्हणालो, पंप तुंबतो म्हणून मी मागे लागलो. तेवढ्यानं काही कुणी लटकवलं नसतं त्याला. मागणं हा गुन्हा नाही. नवरा वाकून बुटावरची पांढरी धूळ झटकायला लागला. एक बूट झाला, मग दुसरा. तो झटकतच राहिला.

"कुणी नाही," पातळबाई म्हणाली.

"मी म्हणाले," भट्टीताई म्हणाली. "फरक नाही, असं मी सांगितलं. भट्टीच्या नावावर सांगितलं. तिनं मानलं."

पातळबाई गर्रकन वळली. तुमची मदत नकोय मला, ती दातांतल्या दातांत म्हणाली. भट्टीताईनं तिच्याकडे बघितलंही नाही. मदत करायला तू कोण लागतेस माझी, एवढं म्हणाली. वकील दोघींचं भराभर लिहून घेत होता. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं, कारण प्लँटचं नाव अजून कुणी घेतलं नव्हतं.

नवऱ्याला जायला सांगितलं होतं. तो दारापर्यंत गेला, थांबला, बायकोला म्हणाला, येतेस?

तिनं त्याच्याकडे बघितलं. हा माणूस आता सुटलेला होता. त्याच्या खांद्यांवरून ते कळत होतं.

"तू हो पुढे," ती म्हणाली. ती असं रोजच म्हणायची, पण या वेळी तो जिना उतरेपर्यंत तिला नीट कळलं होतं, की ती मागून जाणार नाहीये. आज नाही आणि नंतरही नाही.

जवान इतका वेळ

मागेच उभा होता. आता तो भट्टीपाशी आला. दोष कुणाचा याच्यात त्याला रस दिसला नाही. त्यानं पातळबाईला विचारलं, "अजून कुठे कुठे आहे हे?"

ती सांगायला लागली. नव्या रुग्णालयाचं तळघर. दोन पार्किंग. शाळेखालचा हॉल. बस आगारामागची ती लांब इमारत. सांगता सांगता तिचा आवाज खाली गेला, कारण ती नावं संपत नव्हती. वकिलानं तिला मध्येच थांबवायला बघितलं. प्लँटच्या परवानगीशिवाय हे बोलता येणार नाही, असं काहीसं. जवान त्याच्याकडे वळला, नीट दिसावं म्हणून जरा जास्तच वळला, आणि वकील थांबला.

"आमची माणसं आत शिरतात," जवान म्हणाला. "शिरायच्या आधी माहीत हवं. पत्ते द्या."

तिनं दिले. आतून खास गिलाव्याचा जाड थर मारून ती छतं झाकता येतात, आच लगेच पोचत नाही, असंही ती म्हणाली. मारणार कोण, त्यानं विचारलं. उद्यापासून ती कुणीच नव्हती.

सगळे गेले. प्लँटच्या वकिलानं जाताना तिच्याकडून गेटचा पास मागून घेतला. खोलीत दोघीच राहिल्या, फुटकी भट्टी आणि धूळ. भट्टीताई खच केरसुणीनं गोळा करत होती.

"प्रत्येक इमारतीचे जादा क्यूब आहेत तुमच्या टाकीत," पातळबाई म्हणाली. "एकेक तापवायचा. ओला. कुठला किती फुटतो ते कळल्याशिवाय कुठलं छत आधी झाकायचं ते कसं ठरणार?"

"कशात तापवू? डोळे फुटलेत का तुझे? कॉइल गेलीय."

"मग माणूस बोलवा. बसवून घ्या."

"मला कामं सांगायची नाहीत. तू आता प्लँटचीसुद्धा नाहीस. आत कुणी घेतलं तुला? काउंटरवर हो."

"होत नाही."

भट्टीताईनं केरसुणी आपटली. तरातरा टाकीशी गेली, बाही न सारता हात कोपरापर्यंत आत घातला आणि एक क्यूब बाहेर काढला. त्याच्यावरची खूण अंगठ्यानं पुसून वाचली. रुग्णालय. ती तो हातात धरून तशीच उभी राहिली आणि बोलायला लागली: या घरात पाय ठेवलास तेव्हापासून, छोट्याचं डोकं फिरवलंस तेव्हापासून, माझ्या भट्टीत आजवर एक खोट नव्हती, आणि तू, आणि तुझं केमिकल, आणि तुझी ती जीभ. क्यूबचं पाणी तिच्या चपलांवर, फरशीवर गळत होतं. वरची कड हळूहळू फिकी पडायला लागली होती.

"बोला, काय बोलायचंय ते बोला," पातळबाई म्हणाली. "पण आधी तो पाण्यात ठेवा. सुकेल."